समोरच्या काचेतली आई

नाही नाही नाही, आधी बसा! बसा आणि मग विचारा! 'आजी कुठंय? आजी कुठंय?'... सकाळपासून हेच चाललंय! दारातून मुंडकं आत घालायचं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं, माझ्या मिशा बघायच्या, तोंड वाकडं करायचं आणि 'आजी कुठंय?' अहो, हे हॉटेल आहे की वृद्धाश्रम? तुम्ही निदान आत तरी आलात, उपकार झाले. बाईंना ती उशीवाली खुर्ची द्या, दाराशी वारा येतो. हां. मी नेरिओ. मालक मीच, आचारी मीच, भांडी घासणारा... तोही मीच. गल्ल्यावर आहे ती माझी बायको मिर्ना. तिच्याकडे बघून हसू नका, तिला चालत नाही.

आता जरा मान वळवा. समोर, कमानीखाली, लोरिसचं हॉटेल. काचेमागे पांढरा रुमाल बांधून, गालाला पीठ फासून, हातात लाटणं घेऊन बसलेली म्हातारी दिसली? जिच्यासमोर रांग लागलीय? तो टोपीवाला तर डोळे पुसतोय बघा, स्वतःची आजी आठवली असणार मेल्याला! तर ती म्हातारी कोण, माहितीये? माझी आई. माझी! सख्खी! नऊ महिने पोटात वाढवलं आणि आता समोर बसून माझ्या पोटावर पाय देतेय... शेवटी आई ती आई, तुम्हाला सांगतो!

आणि गंमत ऐका. त्या बाईला स्वयंपाक येत नाही. म्हणजे थोडाफार येतो, जुजबी येतो, असं नाही हं. येत नाही! ह्या बोलोन्या शहरात, जिथं पोर रांगायच्या आधी कणीक मळतं, तिथं माझी आई आर्जिया ट्रॅफिक पोलीस होती. उभा जन्म चौकात शिट्टी फुंकली. घरी आली की ट्यूना माशाचा डबा उघडायचा, माझ्यासमोर आपटायचा, 'गीळ!' काटा-चमचा तरी दे ग आई! 'हात दिलेत ना देवानं?' माझ्या लग्नाच्या गाडीला हिनं दंड केला! नवरी आत बसलेली, चर्चच्या घंटा वाजतायत, आणि ही वरमाय चाकाशी उभी राहून पावती फाडतेय! तेव्हापासून मिर्नाचं आणि तिचं जमत नाही, आणि मला सांगा, कसं जमेल?

मी शिकलो ते शेजारच्या नोर्मामावशीकडे. भुकेनं शिकलो हो! मावशीच्या दारातून कोंबड्याच्या सुपाचा वास यायचा आणि आमच्या घरात डब्याच्या पत्र्याचा. मावशीनं मला स्टुलावर उभं केलं, हातात माझ्यापेक्षा उंच लाटणं दिलं आणि म्हणाली, "हे बघ पोरा, पोळी इतकी पातळ लाटायची की उजेडात धरली तर टेकडीवरचं सान लुकाचं चर्च आरपार दिसलं पाहिजे. दिसत नाही तोवर लाट." लाटली. कोपरं सुजली, पण लाटली. मग पोळीचे इवले चौकोन कापायचे, मधे सारणाचा ठिपका, दुमडायचं आणि करंगळीभोवती वळवायचं... झाली तोर्तेल्लिनी! बेंबीसारखी दिसली पाहिजे. आईच्या वाढदिवसाला मी एकट्यानं केली. सूप केलं, टेबल मांडलं, फूल ठेवलं. आई आली. टोपी काढली नाही. वाटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही बेंबी? कुणाची? डुकराची?" आणि ट्यूनाचा डबा उघडला.

एक घास खाल्ला नाही हो! त्या दिवशी नाही आणि त्यानंतर कधीच नाही. हे हॉटेल काढलं, लोक बोटं चाटत गेले, बिशप जेवून गेले, आणि आई? 'मी खाऊन आलेय.' नाताळला? 'मी खाऊन आलेय.' नाताळला कुठून खाऊन आलीस ग बये, सगळं शहर बंद आहे! मला काय हवं होतं? पदक नको होतं. एकदा, एकदाच तिनं चमचा तोंडात घालून 'बरं झालंय' म्हणावं, बास! तेवढ्यासाठी मी जन्मभर लाटतोय, दुसरं काही नाही... शेवटी आई ती आई!

तर मग हे टुरिस्टांचं सुरू झालं. आधी लोक यायचे, जेवायचे, ढेकर देऊन जायचे. मग एकेक जण काचेतून बघायला लागला, कोण लाटतंय. आणि दिसायचो कोण? मी! टक्कल, मिशा, दंडावर फुटबॉल संघाचं गोंदण. एक बाई तर माझ्या तोंडावर म्हणाली, "म्हणजे हे... पुरुष करतो?" जणू मी पिठात पाय धुतोय! नवऱ्याला ओढत घेऊन गेली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसं. टेबलं ओस पडली.

तेव्हा मिर्ना म्हणाली, आणि जळलं मेलं ते तोंड, म्हणजे मायेनं म्हणतो हं मिर्ना!... म्हणाली, "तुझी आई घरात बसून खिडकीतून लोकांच्या गाड्यांवर ओरडते, तिला आणून काचेत बसव. रुमाल बांध, पीठ लाव. कोण विचारतंय येतं का म्हणून?" आईला विचारलं. मला वाटलं ती लाटणंच फेकून मारेल. पण ती म्हणाली, "समोर लोक असतील? माझ्याकडे बघतील? मी सांगेन ते ऐकतील?" हो आई. "मग येते." पुन्हा चौक मिळाला ना तिला!

आणि अहो, काय सांगू, झुंबड उडाली! पहाटे मी आत लाटायचो, मी वळायचो, आणि ही काचेत बसून तयार पोळीवर नुसती थापट्या मारायची. गळ्यात शिट्टी! कुणी तोर्तेल्लिनी सुरीनं कापली की फुर्रर्र! लोक खूश! परत मुद्दाम कापायचे! एकानं विचारलं, "आजी, जायफळ किती घालता?" आता हिला जायफळ आणि सुपारी ह्यातला फरक कळत नाही. हिनं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मनाला विचार, बाळा." अख्खं टेबल रडलं! मला आयुष्यात बाळा म्हटलं नाही हो, ते त्या जायफळवाल्याला!

आणि मी ताटं घेऊन बाहेर आलो की सुरू. "हा माझा मुलगा. जन्मभर शिकवतेय, पण गाढवाला गुळाची चव काय! ह्याच्या पोळीतून सान लुका दिसत नाही, ह्याचं टक्कल दिसतं!" आणि लाटणं बोटांवर, फाट्! लोक टाळ्या वाजवायचे. बोटं सुजायची, त्याच सुजलेल्या बोटांनी मी पहाटे पुन्हा वळायचो, आणि लोक खाऊन म्हणायचे, "वा आजी, काय हात आहे तुमचा!" ती म्हणायची, "हाताचं काय, बाळांनो, प्रेम लागतं." प्रेम! त्यातही मी काय करायचो, सांगू? एक वाटी रोज तिच्यासमोर ठेवायचो. आई, चव बघ. आई, आज सूप जरा जमलंय, चव बघ. आई, गार होतंय... आणि ती मांजराला घालायची. मांजर काय धष्टपुष्ट झालं म्हणून सांगू!

आता ह्यात लोरिस आला. हा लोरिस आधी मोबाइलची कव्हरं विकायचा. हॉटेल काढलं, तोर्तेल्लिनी पाकिटातली, सूप पाकिटातलं, आयत्या बिळावर नागोबा! त्याची स्वतःची आई उत्तम लाटते, अहो, नोर्मामावशीच्या तोडीची! पण ती बारीक, केस रंगवलेले, पायात धावायचे बूट. टुरिस्ट म्हणाले, ही आजी वाटत नाही. मग ह्यानं काय केलं? आईला तळघरात कांदे सोलायला बसवलं आणि माझी आई पळवली!

मी भर गल्लीत ओरडलो, "आई! का? काय कमी केलं मी?" कमानीखाली सगळे थांबले, कॉफीवाला कप घेऊन बाहेर आला. आणि आई शांतपणे म्हणाली, "लोरिस मला ट्यूना देतो. आणि दिवसभर 'चव बघ, चव बघ' करून डोकं खात नाही. वीट आला होता तुझा, नेरिओ." बघा! जन्म दिलेल्या बाईनं भर गल्लीत सांगितलं! मला वाईट वाटलं का? वाटलं! रडलो. मीठ घालावं लागलं नाही त्या दिवशी सुपात... शेवटी आई ती आई!

तिथं आता लोरिसच्या गालाला पीठ लावून म्हणते, "माझा एकुलता एक!" खाली त्याची खरी आई कांदे सोलतेय, तिच्या डोळ्यांतलं पाणी कशानं आलंय, कोण विचारतो! परवा एका टुरिस्टानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "समोरचं कसं आहे?" आईनं मान हलवली. "बिचारा. त्याला आई नाही."

ऐकलं मी! एवढी अरुंद गल्ली आहे, ऐकू येतं!

पण थांबा, खरी गोष्ट पुढंच आहे. सोमवारी लोरिसचं बंद असतं. आणि सोमवारी दुपारी इथं, हो, बाई बसल्यात त्याच खुर्चीत, कोण येऊन बसावं? आई! रुमाल नाही, पीठ नाही, साधी बाई. म्हणाली, "ट्यूनाचा कंटाळा आलाय. काय असेल ते आण." काय असेल ते! मिर्नानं माझा दंड धरला, "विष घालू का?" मी म्हटलं, थांब ग! कोंबड्याचं सूप सकाळपासून उकळत होतं, चीज ताजं किसलं, वाटी भरली आणि बाहेर नेऊन ठेवायची हिंमत होईना म्हणून मिर्नाच्या हाती पाठवली. मी दाराआड.

आईनं वाकून बघितलं. मी म्हटलं, आता डुक्कर काढणार. चमचा उचलला. फुंकर मारली. घातला तोंडात... आणि थांबली. मग दुसरा. तिसरा. नुसती खातेय हो! वाटी रिकामी झाली, पावानं पुसून घेतली, आणि हळूच, मिर्नाची शपथ, हळूच म्हणाली, "फार सुंदर झालंय."

फार सुंदर! बरं नाही, चांगलं नाही, फार सुंदर! मी धावलो, टेबलावर आपटलो, गुडघे टेकले, आई! आई, बोल ना अजून! तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे ओले होते, खोटं नाही सांगत. म्हणाली, "कुणी केलंय?"

मी, आई. मी केलंय.

"चल! मला शिकवतोस? मी धंद्यात आहे रे आता. असा हात पुरुषाचा असतो होय?" आणि उठली, तडक स्वयंपाकघरात! कपाट उघडलं, टेबलाखाली वाकली, फ्रीजमागे बघितलं आणि ओरडली, "आजी कुठंय? कुठं लपवलीस तिला? मला तिच्याशी बोलायचंय!" आई, कुणी नाही ग! "खोटारडा! असं खाऊ घालणारी बाई आत कोंडून ठेवतोस? लाज नाही वाटत? माझं नशीब, मला असा मुलगा झाला!" आणि शिट्टी फुंकून निघून गेली. रोज संध्याकाळी मागच्या दाराशी येते आता. हळूच कडी वाजवते, "आजी... अहो आजी... मला शिकवाल का?"

नाही, उघडत नाही मी. उघडून काय दाखवू? मिशा?

असो. तुमचं सूप गार झालं, दुसरं आणतो. अरे वा, बाईंनी वाटी संपवलीसुद्धा! ह्या तुमच्या आई का? वाटलंच. काय सुरकुत्या आहेत! काय पांढरे केस आहेत! बाई, एक विचारू? रागावू नका हं. तुम्हाला स्वयंपाक येतो?... नाही?... अजिबात नाही? चहासुद्धा नाही?... मिर्ना! अग मिर्ना, ऊठ, रुमाल आण, पीठ आण! सापडली! अहो, असे बघू नका, रविवारी भेटायला या तुम्ही, अर्ध्या दरात जेवण देईन... शेवटी आई ती आई हो. कुणाची का असेना!