नमुना घेतल्याची वेळ

मी, बांग योंग-सुक, वय ५४ वर्षे, व्यवसाय नोकरी (रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ), राहणार मोक्पो, मासळी बाजारामागे, पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून जबाब देते की,

मी एकतीस वर्षे रुग्णांची विष्ठा तपासते. हे सांगायची लाज कधी वाटली नव्हती. या आठवड्यात वाटली.

दि. ९ जानेवारी, गुरुवारी, ओ दुक-मान, वय ७८, यांचा नमुना दुपारी १.१५ वाजता आला. न्यूमोनियाच्या औषधांनंतर त्यांना तीन दिवस जुलाब होते. अशा वेळी आतड्यातला जंतू आणि जंतूचं विष, दोन्ही तपासतात. विष उबेत टिकत नाही. नमुना दोन तासांत तपासायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा.

नमुना घेतला होता सकाळी ६.४० ला. घेतला त्यांना सांभाळणाऱ्या होंग चुन-ह्वाने. ती चीनमधून आलेली, वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणतात. वॉर्डातला नमुन्यांचा फ्रिज आठवडाभर बंद होता. उरला तो नातेवाइकांच्या किमचीचा. नर्स म्हणाली, "ठेव त्यातच, कोण बघतंय." मावशी म्हणाली, "माणसांच्या जेवणाशेजारी घाण ठेवू? माझ्या हातून नाही व्हायचं." तिने डबी खिडकीत, हीटरच्या वर ठेवली. वेळ मात्र कपट्यावर लिहून डबीला चिकटवली.

आमच्या संगणकात नमुना घेतल्याची वेळ भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वॉर्डवाले ती कधीच भरत नाहीत. म्हणून आम्ही सगळे आल्याच्या वेळेतून दहा मिनिटं कमी करून टाकतो. मी १.०५ टाकली. मावशीचा कपटा छापील नव्हता, तो सोलून टोपलीत टाकला. वाचून टाकला.

तपासणीच्या पट्टीवर जंतूची रेघ उमटली, विषाची नाही. असं आलं की जंतू विष करणारा आहे का हे पाहायला जनुकाची चाचणी करतात, पण ती आमच्याकडे नमुने साठवून मंगळवारी लावतात. मी "विष आढळले नाही" असं कळवलं. त्यावर विसंबून डॉक्टरांनी जुलाब थांबवायचं औषध दिलं; विष असेल तर ते देत नाहीत, विष आतच कोंडतं. आजोबा रविवारी गेले. मंगळवारच्या चाचणीत तो जंतू विष करणाराच निघाला.

बुधवारी आमचे विभागप्रमुख गु साहेब म्हणाले, "बांगबाई, मावशीने डबी खिडकीत ठेवली, एवढंच सांगा. ती कुठे इथली आहे?"

मी म्हटलं, "आणि साहेब, १.०५ कुठली आहे?"

"उगाच पायावर धोंडा मारून घेऊ नका," ते म्हणाले.

काल आपण मावशीला इथे दिवसभर बसवून घेतलंत. मी ६.४० संगणकात टाकली असती तर मला ताजा नमुना मागवावाच लागला असता. आजोबा वाचले असते का, ते मला सांगता येत नाही. खरी वेळ एकट्या तिने लिहिली, आणि गुन्हा तिच्यावर दाखल करताय. मला सगळ्यांचा राग आहे, स्वतःचा जास्त.

जबाब मला वाचून दाखवला. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. जबाब संपल्याची वेळ हवालदारांनी अंदाजाने ११.०० लिहिली होती. ती घड्याळात पाहून ११.२५ करून घेतली आणि मग सही केली.