हजेरीचं चॅनल

सकाळी जमीन हादरली तेव्हापासून मनकर्णाबाईंचं औशाच्या लेकीशी बोलणं झालं नव्हतं. लातूरच्या स्टँडवर औशाच्या गाडीच्या रांगेत त्यांच्या पुढं शिकवणीच्या क्लासची दोन पोरं होती, यासेर आणि शिवकन्या. दोघं एकाच मोबाईलवर वाकलेली.

"यासेर, लायबाचं काहीच आलं न्हाई. बाकी समदे क्लासच्या ग्रुपात हजेरीच्या चॅनलवर लिवून गेले."

"फोन लाव की."

"फोन कुणाचाच लागून नाही राहिला, नेट तेवढं चालू हाय. तिसऱ्या मजल्यावर एकटीच असती ती."

"धक्का बसला की 'खाली आले' एवढंच लिवायचं, असं ठरलं व्हतं ना आपलं?"

"पण गप्पांच्या चॅनलवर पोरं अफवा टाकून राहिली व्हती. दुसरा धक्का येणार म्हणं."

"म्हणून तर ते चॅनल बंद केलं मी. आता आपल्या दोघा अ‍ॅडमिनबिगर तिथं कुणाला लिवता येत न्हाई."

"दाखव बरं सेटिंग."

"हे बघ."

"यासेर, हे हजेरीचं हाय."

यासेरनं मोबाईल जवळ ओढून चॅनलचं नाव वाचलं.

"तू हजेरीच बंद केलीस."

"घाईत चुकीचं चॅनल दाबलं गं मी."

"उघड आधी."

"उघडलं. थांब, कुणीतरी लिवून राहिलंय."

"लायबा हाय का?"

"हाव, तीच."

"काय म्हणती?"

"म्हणती, 'मी कवाच खाली आले. यासेर कुठं हाय? त्याचं नाव हजेरीत न्हाई.'"

यासेर खाली मान घालून 'खाली आलो' लिहू लागला. मनकर्णाबाईंनी पिशवीतला मोबाईल काढून त्याच्यापुढं धरला.

"बाबा, औशाला माझ्या लेकीला माझं बी तेवढंच लिव, 'खाली आले'."