कावळखिंडीतला उस्ताद

ऐका गं बायांनो, ऐका रे! शेकोटीजवळ सरका, पण मधे बोलू नका.

आपला भिवा जीपवाला. तेव्हा तरणाताठा. इंजिन शिकला मेहबूब उस्तादांच्या हाताखाली. अहाहा, काय माणूस होता! हत्यारांच्या पेटीत पान्यांशेजारी तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा. लोक हसायचे, "उस्ताद इंजिनाला नटवतात!" आता कुठं बघायला मिळतात तसली माणसं?

तर त्या उस्तादांना साप चावला. तालुक्याहून इंजेक्शन घेऊन भिवा रात्रीचा एकटाच निघाला. लवकर पोचावं म्हणून कावळखिंडीतून! चढावर जळक्या तेलाचा वास आला. थांबला. हँडब्रेक कुचकामी, म्हणून चाकामागं धोंडा लावला. खाली बघतो तर टप टप, टप टप! तेल मोजायची दांडी काढून पाहिली, तेल पार तळाला. तसंच पळवलं तर इंजिन बसणार, आणि उस्ताद हातचे जाणार.

तेवढ्यात मागं कुणीतरी खोकलं. वळला, कुणी नाही! मग दरीतून शीळ. आणि मग, ऐका हं, जीपखालून आवाज आला, "भिवा, बेटा..."

उस्तादांचा आवाज! भिवा मटकन खाली बसला. "उस्ताद, गेलात? मला उशीर झाला?" ढसाढसा रडला हो.

"रडू नको. गळती इथं खालीच आहे. ये, आत शीर, नट आवळ."

गुडघे टेकले, डोकं आत घालणार, आणि थबकला. उस्ताद असं सांगतील? थेंब बघून कुणी खाली शिरलं की पाठीत धपाटा घालायचे! "आधी पूस, पावडर मार, इंजिन चालू कर, मग वरून बघत खाली ये." म्हणजे हा उस्ताद नव्हे. म्हणजे उस्ताद जिवंत आहेत!

भिवा ताडकन उठला. बॅटरी दातांत धरली. इंजिन पुसलं, उस्तादांसारखाच पेटीत ठेवलेला डबा काढून पावडर मारली, चालू केलं. पांढऱ्यावर काळी रेघ उमटली, वरच्या झाकणापासून थेट खाली! इंजिन बंद करून झाकणाचे नट आवळले, जीपमधल्या कॅनमधलं तेल ओतलं.

"भिवाऽऽ! खाली ये!" आवाज चवताळला. आणि धोंडा आपोआप बाजूला सरकला! जीप निघाली मागं, दरीकडे! भिवानं आत उडी घेतली, ब्रेकवर उभाच राहिला. मागचं चाक अगदी कडेला. चावी फिरवली, भर्रर्र... सुटला बिचारा!

इंजेक्शन वेळेत मिळालं. उस्ताद पुढं नऊ वर्षं भिवाला शिव्या देत जगले.

त्या खिंडीतनं कुणी जाऊ नका रे. भिवासुद्धा लांबचा वळसा घालतो. भुताला भिऊन नव्हे. उस्तादांना जाऊन आता बारा वर्षं झाली. तो म्हणतो, "आता तो आवाज आला ना, तर मी कळूनसवरून आत शिरेन."