तीस नंबरची बॉडी

नको नको, टेप ओढू नकोस — सैल धर. अजून सैल. शेवंती, तू माप घेतेयस की पोत्याचं तोंड बांधतेयस? हं, असं. एक बोट आत गेलं पाहिजे — एक कशाला, दोन जाऊ देत. हसतेस काय? पन्नाशी उलटली माझी, आता कुणाला दाखवायचंय? मला श्वास घ्यायचाय गं, बाकी काही नको. पोलकं काढलं तेव्हा तू बघितलंस ना खांद्यांकडे? मान फिरवलीस लगेच, पण बघितलंस. चर पडलेत. बोट ठेव, अख्खं बोट बसतं त्यात. आणि खाली हा काळा पट्टा, पाठीपासून पुढपर्यंत, करगोट्यासारखा — उन्हाळ्यात चिघळतो नुसता. खालच्या रुक्मिणीबाई म्हणतात, पावडर लावा. पावडर लावून पोलक्याच्या आतली बॉडी मोठी होते का?

बाजारात ना? जाऊन आले की. धीर करून गेले एकदाची. काचेच्या कपाटात पुतळ्याला घालून टांगल्यात मेल्या — टोकदार, भोवऱ्यासारख्या. दुकानदार विचारतो, कुणासाठी हवी, सुनेसाठी? मी म्हटलं हो, सुनेसाठी. सून आहे कुठे मला? एकुलती एक लेक, ती दिली नागपूरला. पण काय सांगणार त्याला? म्हाताऱ्या बाईला अंग असतं हे त्या दुकानात कुणाला ठाऊकच नाही. आले तशीच परत. मग तुझं नाव कळलं, म्हटलं बरं झालं, बाईमाणूस आहे, घरात शिवते.

आत्तापर्यंत कितीची घालत होते? तिसाची. खरंच सांगतेय — तू आत्ता किती मोजलंस, छत्तीस ना? बघ म्हणजे. हेच आणायचे. दर दिवाळीला, फोर्टातून, ऑफिस सुटल्यावर, खाकी कागदात गुंडाळून दोन. लग्नात मी तिसाची होते, काडी नुसती. ह्यांनी तो आकडा जो धरला तो धरला. सुहासिनी पोटात होती तेव्हा तिसाची, ती अंगावर पीत होती तेव्हाही तिसाची. एकदा म्हटलं मी — एकदाच हं — जरा मोठी आणाल का? काय म्हणाले? ओरडायचे नाहीत कधी, हात उगारला नाही, सगळी बिल्डिंग म्हणते देवमाणूस गं तुझा नवरा. त्या रात्रीपासून माझं ताट स्वतः वाढायला लागले. स्वतःच्या हातानं — अर्धी पोळी, चार शितं, आमटीचं वरचं पाणी. बॉडी मोठी आणायची नव्हती ना, म्हणून बाई लहान करायची. आता ही तक्रार कुणापाशी करू? नवरा वाढून देतो म्हणून? लोक म्हणतील भाग्यवान आहेस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. आणि दिवाळीच्या पहाटे आकडेही हेच लावायचे, मागून, पाठीत गुडघा रोवून. लावून झाले की विचारायचे, बसली की नाही? बसली म्हणायचं. डोळ्यांतलं पाणी अभ्यंगाच्या तेलावर ढकलायचं.

आता कसले लावतायत! गणपतीत लकवा मारला ना. उजवी बाजू गेली, वाचा गेली, खाटेवर पडून असतात. ह्या दिवाळीला बॉड्या आल्या नाहीत म्हणून तर तुझ्याकडे आले. वाईट वाटतं का? वाटतं की. आणि खरं सांगू — बरंही वाटतं. दोन्ही वाटतं. भाकरी स्वतः थापते, हवी तेवढी खाते, त्यांच्यासमोर बसून खाते. बघत असतात. डॉक्टर म्हणाले, छाती मोकळी ठेवा, बंडीसुद्धा घालू नका, दम कोंडला तर हातचे जातील. माहीत आहे मला ते, पाठ आहे. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मीच करते, डॉक्टर पण म्हणतात सेवा करावी तर अशी.

आत्ता कोण आहे त्यांच्यापाशी? कुणी नाही. कुलूप लावून आलेय, नाहीतर मांजर शिरतं. डावा हात चालतो थोडा — फुलपात्र आपटायचे भिंतीवर, पाणी हवं की आपट, काही हवं की आपट. रुक्मिणीबाई परवा विचारत होत्या, हल्ली आवाज येत नाही तो? म्हटलं, फुलपात्र कल्हईला दिलंय. सुहासिनीला कळवलंय का म्हणतेस? कळवीन गं. लेकुरवाळी पोर, इतक्या लांबून यायचं म्हणजे. कळवीन सवडीनं. तू हाताखालचं माप घे ना, थांबलीस का?

जुनी बॉडी? नमुन्याला? नाही आणली. टाकली नाही गं, घरी आहे — वापरात आहे. कोणाच्या म्हणजे? घरात माणसं किती, दोन. मी तर तुझ्यासमोर अशी बसलेय. असं काय बघतेस? आधी नुसती दाखवली त्यांना. नाकासमोर धरली, म्हटलं ओळखलीत का? मग एक दिवस वाटलं, घालून तरी बघू देत. हाडं राहिलीत, पण पिंजरा पुरुषाचा — तिसात मावतोय कुठला? कुशीवर वळवलं, गुडघा रोवला, तिन्ही आकडे लावले. डोळे केवढे झाले गं त्यांचे! मी विचारलं, बसली की नाही? घटकाभरच ठेवायची हं, भांडी होईपर्यंत. मग दळण आणून होईपर्यंत. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना — त्यांना कळावं, एवढंच मनात होतं, देवाशप्पथ. मारायचंच असतं तर उशी नाही का घरात?

आज? आज सकाळी लावली. काढली ना — काढली असेल. थांब हं. मी पातळ बदललं, तुला शिवायला द्यायचं पॉपलीन पिशवीत घातलं, खिडकी लोटली, कुलूप — नाही. नाही काढली. विसरले असं म्हण हवं तर. मलाही नीट सांगता येणार नाही, विसरले का ते.

अगं, उठलीस कुठे? टेप तरी ठेव. तुझ्याकडे येऊन दुपार टळत आली, चहासुद्धा झाला आपला — आता पळून काय करणार आहेस? मला ओढू नकोस, खांदा दुखतोय तिथे. मी नाही येणार. किल्ली हवी? ही घे, कमरेलाच आहे. कुलूप अडतं, जरा वर उचलून फिरव. आणि ते आकडे गंजलेत, घाईघाईनं निघत नाहीत, मला विचार. जा, जा तू. मी बसते इथेच. कुठे पट्टा नाही, आकडा नाही, पोटापर्यंत श्वास जातोय — लग्नानंतर पहिल्यांदा गं. हे सोडून मला तिकडे यायचं नाही.

ए शेवंती — दार तेवढं ओढून घे जाताना. उघडी बसलेय मी.