हळदीची बोटं

तमिळनाडूतल्या ओरत्तनाडूच्या बसमध्ये मागच्या बाकावरून मराठी कानावर आली, तशी जननीने मोबाइल खाली ठेवला. मागे एक म्हातारे मामा आणि त्यांचा भाचा बोलत होते.

"मामा, गाडीला रंग जपायची पारदर्शक फिल्म स्वतःच लावली? दुकानात द्यायची की हो!"

"यूट्यूब बघून लावली. साबणाचं पाणी मारायचं, फिल्म पसरायची, रबराच्या पट्टीनं पाणी काढायचं. एक बुडबुडा दाखव!"

"बुडबुडा नाही हो. पण पांढऱ्या बॉनेटवर पिवळे डाग तसेच राहिलेत."

"ठाऊक आहे."

"अय्यो! आधी पॉलिश करून काढायचे ना? आता फिल्मच्या आत अडकले."

"नवरात्रातल्या आयुधपूजेला गाडीला लावलेली हळद आहे ती."

"असू दे की. यंदाच्या पूजेला परत लावू."

"ही तुझ्या मामीनं लावलेली रे, प्रवीण. जायच्या आधीची शेवटची पूजा. तिची बोटं आहेत ती. गाडी धुता धुता फिकी पडत चालली होती."

बसने दोन थांबे घेतले.

"मामा, फिल्मच्या कडा नीट दाबल्यात ना? पाणी शिरेल आत."

"दाबल्यात. पण हाताला आता जोर नाही रे."

"संध्याकाळी येतो. मी दाबतो."