मागे कोण बसणार

—कडकच द्या म्हणालेत ना, मग कडकच दे. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगा, पाच पट्ट्यांचे पाटे, आणि ते जाडे शॉकअप — हे बघ, फोटो पाठवलाय आमच्या साहेबांनी, वर लाल गोल काढून. घरात बसून दुसरं काय करणार? लाल गोल काढतात. काल भाजीवालीकडून मी वांग्यांचा फोटो पाठवला, त्याच्यावरही गोल, ही नकोत म्हणून. — काय म्हणालास? मागे किती माणसं बसतात? अरे दिपेश, तू पाटे विकतोस की शिरगणती करतोस? कोणी नाही बसत. शून्य.

बरं, वजनाप्रमाणे पाटा ठरतो, कळलं. पण गाडी कुठे तुला नवीन आहे? काळी काँटेसा, जेसल पार्कला आमच्या बिल्डिंगखाली विटांवर चढवून ठेवलीय ती. तुझे पप्पा होते तेव्हा आमचे साहेब, उत्तमराव, रोज संध्याकाळी याच स्टुलावर बसलेले असायचे. चांगली चालणारी गाडी रे! पण नाही, हिला मोठं इंजिन हवं. इंजिन आलं तर मागचा ॲक्सल नाजूक पडला. मग भंगारातून जीपचा ॲक्सल आला, ढोलाएवढा — आणि तो बसवल्यावर साहेबांना कळलं की गाडीच्या जुन्या स्प्रिंगा त्याला लागतच नाहीत! म्हणजे आधी पाय बदलले आणि मग चपलेचा विचार. तेवढ्यात — तेवढ्यात राहिलंच ते सगळं.

आता पुतण्या आलाय अमेरिकेहून, पराग. गाड्यांचंच शिकलाय तिथे. पहिल्याच दिवशी गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन मला म्हणतो, काकी, ही गाडी नाही, हा वारसा आहे. मी म्हटलं, मग तू घेऊन जा. तर परत गाडीखाली शिरला. त्याचं म्हणणं, हे पाटेबिटे काढून टाका, चारी बाजूंनी दांडे लावून, वर-खाली करता येतील अशा स्प्रिंगा बसवा. कुठे मिळतील? तर मागवू. कधी येतील? तर काकी, चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. फार तळमळीने बोलतो हं, डोळ्यांत पाणी आणून. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण बोलला, देश कसा बदलायचा त्याच्यावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नंतर सेक्रेटरीने विचारलं, ती गाडी कधी हलवताय?

आणि यांचं वेगळंच. मागून उंच पाहिजे, नाक खाली, झेप घेणाऱ्या जनावरासारखी दिसली पाहिजे. झेप! जेसल पार्कच्या गेटातून बाहेर पडून पहिल्या स्पीडब्रेकरला कुठे झेप घेणार? पण कडकच हवेत, पहिल्यापासून. त्यांना काय, स्टीअरिंग धरून बसायचं. पुढे शेजारी सासूबाई — विमलाबाई कधी मागे बसल्या नाहीत, मागे त्यांना मळमळायचं — आणि मागे कोण? मी. मी आणि नारळाचं पोतं. गावाहून येताना कशेडी घाटात प्रत्येक वळणाला नारळ माझ्या अंगावर, मी नारळांवर. हळू चालवा म्हटलं तर आरशातून बघायचे आणि म्हणायचे, गाडी रस्ता सोडत नाही, तूच सीट सोडतेस. पाटा कडक म्हणजे काय ते तुझ्या पप्पांनी मला विचारायला हवं होतं. एकदाही कोणी विचारलं नाही. तूच पहिला, मागे कोण बसतं म्हणून.

म्हणून दे कडक. बसू देत, कळू दे त्यांनाही. — हं? नाही नाही, ते कशाला मागे बसतील? मी आपलं बोलले. बरं, एक सांग, डिकीत खुर्ची ठेवली तर तेवढ्याने काही फरक पडतो का? खुर्ची म्हणजे — घडीची. चाकांची.

असा बघू नकोस. डावी बाजू गेली त्यांची. गणपतीनंतर. आम्ही कोणाला सांगितलं नाही. त्यांनाच नको होतं. ग्रुपवर अजून लिहितात, सध्या जरा बिझी आहे. तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. डॉक्टर म्हणतात रोज व्यायामाला आणा, तर हे म्हणतात, रिक्षात मला पोत्यासारखं कोंबायचं नाही, जाईन तर माझ्या गाडीतून. बरं म्हटलं, गाडी करू. तर म्हणतात, कडक पाटे आण, बरा झालो की मीच चालवणार. आणि मागून एवढी उंच केली तर खुर्चीतून सीटवर सरकणार कसे, ते सांग ना! मी काय उचलून फेकू? खाली पाहिजे रे, मऊ पाहिजे. पण मऊ नेले की त्यांना लगेच कळणार, माझ्या मनात काय आहे ते.

मी नवघरला क्लास लावलाय, गाडी चालवायला शिकायचा. घरी सांगते, गुडघ्याच्या व्यायामाला जाते. तो शिकवणारा दिवसभर ओरडतो, आंटी क्लच, आंटी क्लच! पण आता हायवेपर्यंत चालवू देतो मला. हसतोस काय? हस. साहेब तर —

कोणाचा फोन? त्यांचा? दुकानावर केला? आण इकडे.

हां, मीच. हो, दुकानातच आहे. … नाही. कडक नाही घेतले. … तीन पट्ट्यांचे. मऊ. … चुकून नाही, बघून घेतलेत. … कारण मागे तुम्ही बसणार आहात म्हणून. … नाही, पराग नाही. … मी. मी चालवणार. … हॅलो? … अहो —

ठेवला नाहीये. श्वास ऐकू येतोय.

तू काय उभा राहिलास? तीन पट्ट्यांचे म्हटलं ना मी! बांध, आणि जा पलीकडे जरा.