मामा म्हणजे कोण

कोर्टाबाहेरच्या बाकावर मास्तर निकालाच्या नकलेची वाट पाहत बसले होते. शेजारी एक शिंपी आणि आतून नुकतीच बाहेर आलेली त्याची बहीण येऊन टेकली. शिंप्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती.

"ताई, आधी पाणी पी. आत काय झालं?"

"तो टोळ्यांचा तज्ज्ञ आला होता, पोलिसांतला. म्हणाला, टोळीत म्होरक्याला मामा म्हणतात."

"म्हणेनात का! आपल्याला काय त्याचं?"

"अरे, आपल्या पोराच्या फोनवरचा निरोप वाचून दाखवला त्यानं. 'मामा, काम झालं.'"

"तो मला होता! पडद्यांची मापं घेऊन झाली म्हणून!"

"वकील भांडले रे. म्हणाले, साहेबांना हे कोणी सांगितलं तेच ठाऊक नाही, असली ऐकीव गोष्ट साक्षीत घेऊ नका."

"मग?"

"न्यायाधीश म्हणाले, साहेब वीस वर्षं टोळ्यांमागे फिरलेत, त्यांचं मत ग्राह्य आहे. टोळीतला ठरला तर जन्म आत जाईल रे त्याचा!"

"अगं, मी सख्खा मामा आहे त्याचा! आत्ता आत जाऊन सांगतो."

"काय सांगशील? मीच तो मामा म्हणून?"

उठलेला शिंपी मटकन खाली बसला. मास्तरांच्या तोंडून "देवा रे" एवढंच निघालं.

तेवढ्यात दार उघडलं. दोन शिपायांमधून बेड्या घातलेला भाचा बाहेर आला, मागोमाग तज्ज्ञ साहेब. बाकाकडे नजर जाताच पोराचा चेहरा उजळला.

"मामा!"

साहेबांची मान गर्रकन वळली.

बहिणीनं टेपचं टोक मुठीत आवळलं.

"ओ देऊ नकोस. माझी शपथ आहे तुला, ओ देऊ नकोस."